व्याहीबुवांचा सालबोर्ड

नागपुरात संत्रं सगळेच खातात. पण संत्रं खाऊन झाल्यावर ज्याचे डोळे चमकायला लागतात असा माणूस अख्ख्या विदर्भात एकच आहे, आणि तो माझा व्याही आहे. तुम्ही संत्र्याची फोड तोंडात टाकता तेव्हा हे गृहस्थ तुमच्या तोंडाकडे पाहतच नाहीत, तुमच्या डाव्या हातातल्या सालीकडे पाहत असतात. ती साल घेऊन तुम्ही कचऱ्याच्या डब्याकडे निघालात की यांचा जीव कासावीस होतो. "राहू द्या, राहू द्या, इकडे आणा," असं म्हणत ते खिशातून घडी केलेली पिशवी काढतात, साल तिच्यात अशी अलगद सोडतात, की तुम्हाला वाटावं आपणच एवढा वेळ चुकीचा भाग खात होतो. छत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवल्यामुळे मला छंदिष्टांची कमतरता कधी पडली नाही, अर्धे तर स्टाफरूममध्येच बसायचे. पण दुसऱ्याच्या घरचा कचरा पाहून ज्याला भरून येतं असा हा पहिलाच.

व्याही म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. बुटीबोरीच्या एका बोर्डाच्या कारखान्यात त्यांनी उभी हयात गरम प्रेसवर काढली. लाकडाचा चुरा घ्यायचा, त्यात रेझिन नावाचा चिकट रस कालवायचा, लोखंडाच्या दोन तापलेल्या पाट्यांमध्ये दाबायचा, की झाली फळी. तुमच्याआमच्या घरातली कपाटं, टीव्हीची टेबलं, सगळी त्या चुऱ्याचीच. रिटायर झाल्यावर माणसं देवळात जातात, विहारात जातात, निदान फुटाळा तलावावर फिरायला तरी जातात. हे, आमच्या मुलांचं लग्न ठरलं त्याच महिन्यात, नरखेडकडे एका दोस्ताच्या बागेत गेले, झाडाखाली गळून पडलेल्या संत्र्यांचा खच पाहिला आणि परत येऊन मला म्हणाले, "व्याहीबुवा, लाकडाच्या चुऱ्याची फळी होते, तं संत्र्याच्या सालीची काहून नाही?" त्या "काहून नाही"नं दोन घरांची शांतता गेली. त्यांनी त्या न झालेल्या फळीचं नावसुद्धा त्याच दिवशी ठरवून टाकलं, सालबोर्ड. बारशाची घाई, पाळण्याचा पत्ता नाही!

बरं, मला नाही म्हणायची सोय नव्हती. मुलीचा बाप होणं म्हणजे काय हे ज्याला मुलगी आहे त्यालाच कळेल. आमच्यात मानपान नाही, हुंडा नाही, लग्न साध्या पद्धतीनं विहारात झालेलं, सगळं खरं. तरी व्याह्यांचा फोन आला की माझा आवाज आपोआप अर्धी पट्टी खाली येतो. आणि हे गृहस्थ इतके भाबडे की मला अडचणीत टाकतोय हे त्यांच्या गावीही नसतं. लग्नाच्या दिवशीच मला अंदाज यायला हवा होता. दुपारच्या जेवणासोबत मी ताज्या मोसंबीच्या रसाचा काउंटर ठेवला होता. वरपिता स्वतः काउंटरशेजारी उभे राहून एकेका पाहुण्याला आग्रह करत होते, "घ्या ना, अजून एक गिलास घ्या, आपल्याच घरचं आहे." मी बायकोला म्हटलं, "पाहिलंस? किती मोकळ्या मनाची माणसं आहेत." फोटोची वेळ झाली तर वरपिता गायब. फोटोवाला ओरडतोय, नवरानवरी घामाघूम, आणि सगळे शोधताहेत. शेवटी मंडपामागे सापडले. शेरवानीच्या बाह्या वर सारलेल्या, दोन पोती सालींनी भरलेली, तिसऱ्या पोत्याचं तोंड त्यांनी स्वतःच्या फेट्याच्या शेमल्यानं बांधलं होतं. मला पाहून त्यांना जो आनंद झाला तो मुलाच्या लग्नाचा नव्हता हे मी छातीठोक सांगू शकतो. "व्याहीबुवा," ते म्हणाले, "तुमच्या पाहुण्यायनं भल्लं काम केलं!"

त्यांची दुसरी सवय म्हणजे टकटक. कोणाच्याही घरी गेले की आधी टेबलावर बोटाचं पेर आपटणार, कान लावणार आणि निकाल देणार. "अठरा एमएम. आतून पोकळ. दोन पावसाळे काढंल." यजमान चहा घेऊन उभा, आणि हे त्याच्या कपाटाचं भविष्य सांगून राहिलेत! एकदा आम्ही दोघं एकांच्या घरी भेटायला गेलो होतो. त्यांचे वडील वारले होते. सगळे मान खाली घालून बसलेले, कोणी काही बोलत नव्हतं, आणि त्या शांततेत दिवाणाखालून आवाज आला, टक, टक, टक. मी डोळे मिटून घेतले. घरातल्या आजींनी दचकून वर पाहिलं. व्याही गंभीर चेहरा करून म्हणाले, "चांगला माल आहे हो. जुन्या लोकायची पसंतच वेगळी होती." आणि काय सांगू, त्या आजी पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, "यायनंच आणला होता, स्वतः उचलून." मग अर्धा तास दिवंगतांच्या त्या दिवाणावर बोलणं चाललं आणि घरातली माणसं त्या दिवशी पहिल्यांदा चार शब्द बोलली. निघताना मी रागवायच्या तयारीत होतो, पण रागावता आलं नाही.

नरखेडच्या फेऱ्यांचं तर विचारूच नका. सालीसाठी शहरातले रसवाले होते, पण बागेतली गळही यांना हवी. सडकी, चेपलेली, अर्धी किड्यांनी खाल्लेली संत्री पोत्यात भरायची आणि एसटीनं नागपूरला आणायची. सोबत कोण? मुलीचा बाप. सहा पोती आम्ही शेवटच्या सीटखाली सरकवली. काटोल येईपर्यंत पोत्यातून रस ठिबकायला लागला आणि माश्यांनी सगळी बस डोक्यावर घेतली. कंडक्टर आला. "काका, काय भरून राहिले हे?" व्याह्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "डेस्क." कंडक्टरनं पोत्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. "यायचे डेस्क होणार आहेत," व्याही समजावू लागले आणि मग नागपूर येईपर्यंत गरम प्रेस, रेझिन, दाब, सगळं त्या बिचाऱ्याला ऐकावं लागलं. उतरताना कंडक्टरनं स्वतः तीन पोती उतरवून दिली आणि म्हणाला, "काका, झाले का एक मलेबी दाखवजा." हा असा माणूस आहे. आधी लोक वैतागतात आणि मग पोतं उचलतात.

कारखाना त्यांच्या घराच्या छतावर होता. भंगारातून आणलेला ट्रकचा जॅक, दोन जाड लोखंडी पाट्या, त्यांना आतून हीटरच्या कॉइल, आणि वर पत्र्याचं छप्पर. जॅकचा दांडा मारायला लागले की खालच्या खोलीतला पंखा हलायचा. रेझिन गरम झालं की डोळ्यांतून धारा. शेजारची बाई एकदा आमच्या विहीणबाईंना विचारायला आली, "घरी काही झालं का वं? सगळे रडून राहिले." विहीणबाई म्हणजे या सगळ्यात एकटं शहाणं माणूस. फार बोलत नाहीत, पण बोलल्या की पुढच्याला पाणी मागू देत नाहीत. उन्हाळ्यात छत हे त्यांच्या कुरडया-पापडांचं राज्य. त्या राज्यात सालींनी घुसखोरी केली. एक दिवस आमच्या नातवानं पानातली कुरडई तोंडात टाकली आणि थू थू करत उठला. ती तळलेली साल निघाली. व्याही खूश! "पाहा, तेलातबी आकार सोडला नाही!" विहीणबाई शांतपणे म्हणाल्या, "साल वाळवून पाहा, चुरा करून पाहा, दाबून पाहा. मी म्हणून राहिली का पहिले उकळून घ्या, थे मात्र नाही पाहायचं." त्यावर व्याही मला डोळा मारून म्हणाले, "बायायले हरेक गोष्टीचा मुरंबाच दिसते."

आता खरी गोष्ट. त्यांच्या वस्तीतल्या विहाराच्या वरच्या मजल्यावर मुलांसाठी अभ्यासिका व्हायची होती. हॉल तयार होता, पुस्तकं होती, भिंतीला रंग लागला होता. टेबलं मात्र नव्हती. पोलीस भरती, तलाठी, बँक, अशा परीक्षांची तयारी करणारी तीसेक मुलंमुली सतरंजीवर, गुडघ्यावर पुस्तक ठेवून, पाठीला बाक आणून तासन्‌तास बसायची. तेव्हा वॉर्डातले एक पुढारी विहाराच्या कमिटीच्या बैठकीत आले आणि म्हणाले, तीस प्लास्टिकची टेबलं देतो, फक्त प्रत्येकावर माझं नाव आणि फोटो राहील. लोक माना डोलवायला लागले होते. तेवढ्यात मागच्या रांगेतून आमचे व्याही उठले. "साहेब, पोट्टे पुस्तक पाहतील का तुमचा फोटो पाहतील?" सगळे हसले, पुढारीही हसले. आणि मग यांनी सगळ्यांसमोर हात वर करून सांगून टाकलं, "तीस डेस्क मी देतो. बुद्धपौर्णिमेले. आपल्या संत्र्याच्या सालीचे. कोणाचंच नाव नाही." टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढारी "बरं, गरज पडली तर सांगा," म्हणून निघून गेले. मी शेजारी बसलो होतो. मला घाम फुटला, कारण तोवर त्यांनी बनवलेल्या सर्वांत मोठ्या फळीवर एक चहाचा कप बसत होता, तोही बशीशिवाय.

पण काय कामाला लागला तो माणूस! सत्तरीला टेकलेला गडी सकाळी जॅकवर चढला की दुपारच्या जेवणालाच खाली यायचा. मार्च संपला, एप्रिल आला, ऊन चढत गेलं आणि साली पापडासारख्या कडकडीत वाळायला लागल्या. "नागपूरचं ऊन म्हणजे फुकटची भट्टी आहे, व्याहीबुवा. बुटीबोरीले असं ऊन भेटत नाही." बुटीबोरी तिथून गाडीनं तासाच्या आत, पण छतावरचं ऊन हे जणू त्यांनी स्वतः बनवलेलं होतं. आणि एक दिवस मला तातडीनं बोलावणं आलं. मी धापा टाकत छतावर पोहोचलो तर दोन विटांवर एक फळी ठेवलेली, केशरी-तपकिरी, गुळगुळीत, आणि तिच्यावर आमचे व्याही उभे! "चढा!" मी म्हटलं, "अहो, माझं वजन..." "चढा हो!" चढलो. मुलीचा बाप. फळी हलली नाही. मग ते उडी मारायला लागले आणि मलाही उडी मारायला लावली. दोन म्हातारे भर दुपारी छतावर फळीवर उड्या मारताहेत आणि खालून विहीणबाई ओरडताहेत, "छत पडंल ना!" खोटं कशाला सांगू, मला इतका आनंद माझ्या पेन्शनीच्या कागदानंही झाला नव्हता. त्यांनी फळी दोन तास बादलीत बुडवूनही दाखवली. कारखान्यात अशीच परीक्षा असायची. ती पास झाली.

पौर्णिमेच्या तीन दिवस आधी तीसही डेस्क हॉलमध्ये लागले. लोखंडी पायांवर केशरी फळ्या, ओळीनं. खोलीत शिरलं की संत्र्याच्या बागेत शिरल्यासारखं वाटायचं. मुलं फळीवर हात फिरवून पाहत होती. पोलीस भरतीची तयारी करणारी एक मुलगी पहिल्या रांगेत बसली आणि नुसतीच पाठ सरळ करून बसून राहिली, पुस्तक न उघडता. व्याह्यांनी ते पाहिलं आणि मला कोपरानं ढोसलं. मग कमिटीनं नवे आणलेले चार मोठे कूलर लावले, पाणी भरलं आणि ट्रायल म्हणून ते दिवसरात्र सुरू ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहारातून फोन आला. आम्ही गेलो. दारातूनच दिसलं. सगळ्या फळ्यांच्या कडा पुरीसारख्या फुगल्या होत्या. काहींना मधोमध चीर गेली होती. एका फळीच्या कोपऱ्याला मी बोट लावलं तर भिजलेल्या पोह्यासारखा चुरा हाताला आला. कूलरसमोरची रांग तर बघवत नव्हती. मी व्याह्यांकडे वळलो. ते सावकाश कूलरसमोर गेले, त्याच्या ओल्या वाऱ्यात तळहात धरला. मग हळूच म्हणाले, "छतावर वाळवलं, छतावर दाबलं, छतावरच तपासलं. खाली येऊन मी स्वतः कूलरपुढे बसत होतो, व्याहीबुवा. यायले मात्र एक दिवस कूलर दाखवला नाही."

चूक म्हणाल तर एवढीच, आणि ती नागपूरच्याच माणसाकडून होऊ शकते. मे महिन्यात इथे हवेत ओलावा असू शकतो ही कल्पनाच कोणाच्या डोक्यात येत नाही. ओलावा काय तो घरातल्या कूलरसमोर, तोही माणसांसाठी. कारखान्यात चुऱ्यात थोडी ओल मुद्दाम राखायचे, हे यांना पाठ होतं. पण फुकटच्या भट्टीच्या मोहात सालीतला शेवटचा थेंबही यांनी वाळवून टाकला, आणि तहानलेल्या फळ्यांनी कूलरचा वारा पिऊन घेतला. दोन तासांच्या बादलीला त्या फसल्या नाहीत, दिवसरात्रीच्या वाऱ्याला फसल्या. हे सगळं त्यांनी मला जिना उतरताना समजावून सांगितलं. आवाजात चढउतार नव्हता, आणि तेच मला ऐकवत नव्हतं.

संध्याकाळी कमिटी बसली, मुलंमुली आणि वस्तीतली मंडळीही आली. बातमी वाऱ्यासारखी पसरली होती आणि पुढाऱ्यांचा निरोपही येऊन पोहोचला होता, टेम्पो तयार आहे म्हणून. सगळे एकमेकांकडे पाहत होते, व्याह्यांकडे मात्र कोणी पाहत नव्हतं. मला वाटलं हे आता भांडतील, आणखी वेळ मागतील, काहीतरी जुगाड सांगतील. ते उठले, हात जोडले आणि म्हणाले, "जय भीम. चूक माही आहे. मी शब्द देल्ला, मले पाळता नाही आला. माह्या हट्टापायी पोट्ट्यायचं नुकसान नको. बोलवा साहेबाले. फोटो राहिला तं राहू द्या, टेबल तं येईन." आणि खाली बसले. फोटोवाल्या टेबलाला ज्यानं भरसभेत नाही म्हटलं, तोच ते टेबल मागत होता, कारण पहिल्या रांगेतली ती सरळ पाठ त्याच्या डोळ्यांसमोर होती.

अध्यक्षांनी फोन हातात घेतला, तर तीच पोलीस भरतीवाली मुलगी उठली. "थांबा सर. काका, आम्ही दोन वर्षं झाले खालीच बसून राहिलो. अजून एक महिना बसलो तं काय होते? त्यायचा फोटो पाहून मले अभ्यास नाही होत." मुलं हसली. ती व्याह्यांकडे वळली. "तुमी फक्त सांगा, कमी काय पडलं?" व्याह्यांनी तोंड उघडलं, पण उत्तर बायकांच्या बाजूनं आलं. विहीणबाई बसल्याजागेवरून म्हणाल्या, "साल कच्ची वापरली, थे कमी पडलं. मुरंब्याची सालबी दोन पाणी उकळून घेतो आपण, तवा तिचा कडूपणा जाते, तेल जाते, चिकट जाते. चिकट राहिली का थे पाणी ओढणारच ना बाप्पा!" व्याही बायकोकडे टक लावून पाहत होते. "कधीपासून सांगून राहिली वं तू हे?" "पहिल्या पोत्यापासून," विहीणबाई म्हणाल्या आणि पदर सावरून बसल्या.

आणि मग काय विचारता! पौर्णिमेला अभ्यासिकेचं उद्‌घाटन सतरंजीवरच झालं. खीरदान आटोपलं, खिरीचे मोठाले गंज, म्हणजे पातेली, घासूनपुसून छतावर चढले आणि त्यात साली उकळायला लागल्या. संत्र्याचा बहार संपला होता, म्हणून मोसंबीवर भागवायचं ठरलं. उन्हाळ्यात नागपूरच्या चौकाचौकात मोसंबीचा रस, साल हवी तेवढी. तीस मुलंमुली पाळीपाळीनं गाडीला बादल्या अडकवून निघायची. रसवाले आधी संशयानं पाहायचे, मग राखून ठेवायला लागले. छतावर एक उकळतोय, एक पिळतोय, एक वाळत घालतोय, विहीणबाई खुर्ची टाकून देखरेखीला. "थे पुरं कोरडं नको करू गा, हाताले गार लागलं पाहिजे!" एवढा अभ्यासाचा वेळ वाया जातो म्हणून मला चुटपुट लागली, तर मुलांनी मलाच कामाला लावलं. एका हातात छत्री, एका हातात सामान्यज्ञानाचं पुस्तक घेऊन मी प्रश्न विचारायचो आणि मुलं साली पिळता पिळता उत्तरं द्यायची. सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांत मोठ्यानं उत्तर व्याही द्यायचे, आणि ते हटकून चुकायचं. देशातलं सर्वांत मोठं राज्य त्यांनी तीनदा विदर्भ सांगितलं. छत्तीस वर्षांच्या नोकरीत असा वर्ग मला एकदाही मिळाला नाही.

नव्या फळीच्या कडांना मेण चढवलं आणि मग कूलरची परीक्षा सुरू झाली. घरातला एकुलता एक कूलर व्याह्यांनी फळीकडे वळवला. आठ दिवस! बाहेर ऊन रणरणतंय, आम्ही सगळे पुठ्ठ्यानं वारा घेतोय आणि फळी गारेगार. माझी मुलगी, म्हणजे त्यांची सून, म्हणाली, "मामंजी, निदान रोटेटिंग तरी ठेवा." "नाही बेटा," ते म्हणाले, "तिचा अर्धा वारा तुले गेला तं निकाल अर्धा होईन." रोज सकाळी जुन्या कारखान्यातलं व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं स्टीलचं माप, फळीला लावायचं आणि आकडा मोठ्यानं वाचायचा. पहिल्या दिवशी जो आकडा, तोच आठव्या दिवशी. आठव्या दिवशी ते ओरडले नाहीत, नाचले नाहीत. आधी बायकोसमोर जाऊन हात जोडले आणि म्हणाले, "मॅडम, पास झालो." विहीणबाईंनी "हटा बरं," म्हणत तोंड फिरवलं, पण त्यांचे डोळे मी पाहिले होते, आणि त्या दिवशी रेझिन गरम नव्हतं.

जून सरता सरता तीस डेस्क हॉलमध्ये लागले. कोणाचं नाव नाही, कोणाचा फोटो नाही. मुलं बसली. पण व्याह्यांचा जीव काही थाऱ्यावर येईना, कारण आता पावसाळा लागला होता. रोज दुपारी ते व्हर्नियर घेऊन हजर. "सरक बेटा, एक मिनिट," असं करत तीसच्या तीस फळ्या मोजायचे. झड लागायची, भिंतींना ओल यायची, माझ्या घरची दारं फुगून लागेनाशी झाली, यांच्या फळ्यांचा आकडा जिथल्या तिथे. जुलै गेला. ऑगस्टमध्ये एक दिवस आम्ही गेलो तर आतमध्ये पान उलटल्याचाही आवाज नव्हता. सगळ्यांची परीक्षा जवळ आली होती. व्याही चवड्यांवर चालत पहिल्या रांगेपर्यंत गेले, व्हर्नियर काढलं, आणि त्या पोलीस भरतीवाल्या मुलीनं पुस्तकावरून नजर न उचलता त्यांचा हात धरला. "काका," ती कुजबुजली, "नका मोजू आता. काही होत नाही त्याले. आम्ही शिकून राहिलो ना."

ते थबकले. व्हर्नियर मिटलं, खिशात घातलं आणि आवाज न करता बाहेर आले. आम्ही अभ्यासिकेच्या दाराबाहेर, जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलो. रिमझिम सुरू होती. मी म्हटलं, "अभिनंदन व्याहीबुवा, तुमचा सालबोर्ड पक्का झाला." "हो, झाला," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला, अगदी त्या फळीवरच्या उड्यांच्या दिवशीसारखा, आणि मग हळूहळू निवत गेला. उघड्या दारातून आतल्या पाठी दिसत होत्या, तीसच्या तीस, सरळ. ते त्या पाहत राहिले. "आता यायले माहं काम नाही पडत," ते म्हणाले. मी म्हटलं, "हेच तर पाहिजे होतं ना?" "हो ना. हेच पाहिजे होतं." मग त्यांनी माझ्याकडे न पाहता विचारलं, "व्याहीबुवा, उद्या दुपारी मी कुठं जाऊ?"

घरी माझी वाट पाहत असतील हे मला माहीत होतं, पण उठवेना. पाऊस थांबेपर्यंत आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो.